वासाचा मासा

मस्तगड, जालना
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १९१९

प्रिय बद्रीनाथ,

'प्रिय' वाचून हुरळून जाऊ नकोस. जन्मभर पोरांना पत्राचा मायना शिकवला, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळला. खोडायला पेन टेकवलंही होतं. पण खोडलेल्या शब्दातून तू भलताच अर्थ काढला असतास, म्हणून राहू दिला.

परवा जीपवाला तातेराव येऊन गेला. तुझा निरोप त्याने वडीगोद्रीपासून जीपमध्ये घोकत आणला असावा, कारण चपलाही न काढता उंबऱ्यात उभं राहून त्याने तो एका दमात म्हणून टाकला. हैदराबादचे व्यापारी येत्या रविवारी भोकरदनकडे जुईच्या धरणावर येणार. तुझा तो प्लास्टिकचा, पोटात वास भरलेला मासा पाण्यात पडताना ते स्वतः बघणार. त्याच्या गळाला मरळ मासळी लागली तर तुझा माल उचलणार. नाही लागली तर तू प्लास्टिकची शेड बंद करणार, मशीन विकणार आणि दुर्गाबाईंना घेऊन पुण्याला मुलाकडे, देवानंदकडे, कायमचा राहायला जाणार. सबब, पंडिताकडून, म्हणजे माझ्याकडून, वासाच्या काढ्याची बाटली घेऊन ये, जल्दी. मी विचारलं, आणखी काही सांगितलंय का? बिचाऱ्याने डोकं खाजवलं, आठवून पाहिलं आणि म्हणाला, “न्हाई मास्तर, येवढंच सांगितलं बद्रीभाऊनं.”

मी त्याला चहा दिला. बाटली दिली नाही. आज संध्याकाळी तो परत वडीगोद्रीला जाताना हे पत्र घेऊन जाईल. तू आतापर्यंत चांगलाच तापला असशील, आणि तापलेल्या माणसाला लांबलचक पत्र वाचायला लावण्यात एक सुख असतं ते मी घेणार आहे. बाटलीचं काय ते शेवटी लिहीन. शाळेत तू धड्याचा शेवट आधी वाचून मोकळा व्हायचास. इथे तसं करून काही हाती लागणार नाही, एवढं सांगून ठेवतो.

आमच्या शास्त्रात वाद घालायची एक रीत आहे. आधी समोरच्याची बाजू नीट मांडायची, त्याला स्वतःला जमली नसती इतकी नीट, आणि मग तिचे तुकडे करायचे. तर तुझी बाजू ही. गेल्या साली भोकरदनला मच्छीमार संस्थेच्या सभेत, भरल्या मांडवात, माइक हातात असताना तू बोललास. मी तिथे नव्हतो, पण काकासाहेब होते आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही. तू म्हणालास, “डबा माझा एक नंबर हाय. वासच नासका निघाला. ज्यानं जल्मात मासळी तोंडात धरली न्हाई, त्यानं मासळीसाठी वास बनवला. मंग काय होनार?” डबा म्हणजे तुझा मासा, वास म्हणजे माझा. लोक खूप हसले म्हणे. खरं सांगायचं तर काकासाहेबांकडून ऐकताना मलाही पहिल्यांदा हसूच आलं. वाक्य चांगलं होतं. माझ्याशी भांडून भांडूनच तुला तेवढी वाक्यरचना साधली आहे.

आता माझी बाजू. कोण कोणाकडे आलं होतं? मी तुझ्या शेडवर आलो नव्हतो, तू माझ्या घरी आला होतास. ठिबकच्या तोट्या बनवून बनवून तुला कंटाळा आला होता, आणि पेपरात गुंडाळलेला एक बोटभर लांबीचा प्लास्टिकचा मासा तू माझ्या देवघरासमोर सोडलास. हिरवा, पोटाला पांढरा, शेपटीला गळ. म्हणालास की मरळ गढूळ पाण्यात शेवाळाखाली बसते, तिथे डोळ्याचा काही उपेग नाही, तिला नाकानं बोलावलं पायजे. लहानपणापासून शहागडला गोदावरीच्या काठी गळ टाकून बसलेला माणूस तू, तेव्हा मरळीच्या स्वभावाबद्दल मी वाद घातला नाही. फक्त विचारलं की मी यात कुठे येतो. तू म्हणालास, चौथीत डोळे झाकून कोणाच्या डब्यात काय आहे ते तूच सांगायचास, नाक तुझंच चांगलं आहे. स्तुती होती ती, आणि मी भुललो. माणूस नाकाची स्तुती कितीदा ऐकतो?

रमा स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर येऊन तिने तुला एकच विचारलं, की माशाचं पुढे काय होणार. तू म्हणालास, “काही न्हाई वहिनी, येऊन भेटून जाईल.” त्यावर ती जी हसली, तिथेच आमच्या घरचा तुझ्या धंद्यातला प्रवेश पक्का झाला.

पहिला वास तुझ्या मताने झाला. तेलात. तेल टिकतं, तू म्हणालास. मी मेथी भाजली, तिळाच्या तेलात मुरवली, ती तू माशाच्या पोटात भरली आणि आपण मोती तलावावर गेलो. पाण्यात टाकताक्षणी तेल वर आलं. मासा खाली, वास वर. पाण्यावर इंद्रधनुष्य तरंगायला लागलं आणि म्हशी धुवायला आलेल्या बाईने आपल्याला ज्या शिव्या दिल्या त्यांतल्या काहींची व्युत्पत्ती मला अजून लागलेली नाही. दुसरा वास कापसात. कापसाने सगळा काढा पहिल्याच फेकीला ओकून टाकला आणि नंतर दिवसभर आपण धुतलेला कापूस पाण्यात फिरवत बसलो. तिसऱ्या वेळी मी शास्त्र काढलं. तुला सांगितलं की गंध हा पृथ्वीचा गुण आहे, पाण्याचा नाही. पाण्याला वास येतो तो त्यात मिसळलेल्या मातीचा. तू कपाळाला हात लावलास आणि म्हणालास, “पंडित, शाळा सुटली. घरी चाल.” पण दुसऱ्या दिवशी सायकलीला बादली लावून तळ्याचा काळा गाळ घेऊन आलास. तो गाळ वाळवून, चाळून, काढ्यात मळून आपण त्याच्या गोळ्या केल्या आणि सावलीत सुकवल्या. गोळी पोटात ठेवायची, पाणी आत शिरेल, माती हळूहळू विरघळेल आणि वास थोडा थोडा बाहेर पडत राहील. चूक होती का त्यात काही? न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाने मासे धरायला त्याचा उपयोग केल्याचं माझ्या गुरुजींना कळलं असतं तर ते त्या दिवशी जेवले नसते. पण चूक नव्हती.

तुझं कामही वाईट नव्हतं, हे मला लिहावं लागतंय. तेलाच्या नि कापसाच्या वेळी माशाचं पोट उघडंच होतं; गोळ्यांसाठी तू त्याला झाकण केलंस ते नाण्याने फिरवून उघडायचं. दोन्ही बाजूंना कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत तापवलेल्या सुईने बारीक भोकं पाडलीस, एका ओळीत, सुबक. तुझी अक्कल मी कधीच नाकारली नाही. ती तू कोणत्या वारी घरी ठेवून येतोस एवढाच प्रश्न होता.

मेथीने रोहू हुंगायला येईल, मरळ नाही येणार, असं तू म्हणालास. मरळीला जीवाचा वास लागतो. तेव्हा सुकट आली. वारशाने शाकाहारी असलेल्या, वयाने पन्नाशीकडे झुकलेल्या संस्कृतच्या मास्तराने तोंडाला रुमाल बांधून आठवडी बाजारात सुकटीच्या ढिगापुढे उकिडवं बसावं, आणि समोरच्या बाईने “मास्तर, पाव्हनं आले का?” असं विचारावं, हे मी तुझ्यासाठी सोसलं. रमाने मला एक जुनं पातेलं काढून दिलं, ते पुन्हा घरात येणार नाही असं बजावलं आणि परसात विटांची चूल मांडून दिली. सुकटीचा काढा, त्यात भाजलेली मेथी, त्यात आंबवलेली शेंगदाण्याची पेंड. सगळा मस्तगड त्या वासाने जागा झाला. शेजारच्या उषाबाईंनी गल्लीत पसरवलं की मास्तर मासे खायला लागले. रमाने त्यांना भिंतीवरूनच ठणकावलं, “आमचे हे खात नाहीत, नुसते शिजवतात.”

आणि एवढं सगळं करून मरळ लागली नाही. मोती तलावावर नाही, कालव्यावर नाही, जुईवर तर बिलकुल नाही. शेजारी गांडूळ लावून बसलेल्या पोरासोरांना लागायची. आपला मासा आपल्याच ऐटीत पोहून परत यायचा. दर वेळी तू म्हणायचास वास कमी पडला. दर वेळी मी म्हणायचो तुझा मासा पाण्यात तांब्यासारखा चालतो, त्याला बघून मरळीला हसू येत असेल. येताना बसमध्ये आपण दोन वेगळ्या बाकांवर बसायचो. घरी आलो की रमा विचारायची, लागला का? नाही म्हटलं की ती आत जायची आणि शिरा करायची. तू समजायचास की वहिनी आपलं सांत्वन करते, आणि दोन-दोन वाट्या शिरा हाणायचास. आज सांगून टाकतो. ती मासा वाचला म्हणून करायची. आपल्या प्रत्येक हरण्याचा तिने गोड घास केला आणि तो आपल्याकडूनच खाऊन घेतला. मला हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तुला सांगितलं नाही, कारण तुला शिरा खाताना बघून मला फार मजा यायची.

मग ती सभा झाली आणि आपलं बोलणं तुटलं. ठीक आहे, भांडणं होतात. शाळेत असताना एका भोवऱ्यावरून आपण आख्खा पावसाळा बोललो नव्हतो. पण चैत्रात रमा आजारी पडली. अंथरुणाला खिळली. आणि तू आला नाहीस. मला वाटलं, भांडण आहे, म्हणून येत नसेल. नंतर वाटलं, भांडण आहे म्हणून नाही. काम नाही म्हणून. दुर्गाबाई येत होत्या. एस.टी.ने यायच्या, रमाच्या पायांशी बसायच्या, तिचे केस विंचरून द्यायच्या आणि अंधार पडायच्या आत परत जायच्या. त्या तुझ्या घरच्या आहेत म्हणून तो गुण तुझ्या नावावर लिहू नकोस. मी तो वेगळा ठेवला आहे. श्रावणात रमा गेली. ते तुला माहीत आहे. त्यानंतर काय झालं तेही तुला माहीत आहे, त्याच्याकडे मी येतोच. आधी तुझ्या डब्याचा निकाल लावतो.

दसऱ्याला परसातली खोली साफ करायला घेतली. तुझ्या माशांचं खोकं निघालं, फेकूनच देणार होतो. त्यातला एक मासा हातात घेतला. पोटात गोळी तशीच होती, कोरडी ठणठणीत. म्हटलं, बघू तर खरं हा नासका वास कसा दिसतो. पितळेच्या पेल्यात पाणी घेतलं, त्यात मासा सोडला आणि समोर बसून राहिलो. मला हल्ली बसून राहायला भरपूर वेळ असतो. पाणी स्वच्छ. थोड्या वेळाने बघितलं, तरी स्वच्छ. गोळी आत, पाणी बाहेर, आणि दोघांची गाठभेट नाही. मासा उचलून खिडकीपाशी नेला, चष्मा वर केला, आणि बद्रीनाथ, मला तुझ्या शेडमधली सकाळ आठवली.

तुझ्याकडे साच्यातून नवीन निघालेला एकही नग पूजेशिवाय बाहेर जात नाही. तोटी असो, टोपण असो, मासा असो. उदबत्ती, कापूर आणि अंगठ्याने ओढलेला हळद-कुंकवाचा पट्टा. तोट्यांना तू कोरडं कुंकू लावतोस. पण मासा पाण्यात जाणार, पाण्यात कुंकू धुऊन जाईल, आणि धुऊन गेलेल्या कुंकवाचा काय फायदा. म्हणून माशासाठी तू हळद-कुंकू खोबरेल तेलात घट्ट कालवायचास आणि कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, दोन्ही बाजूंना, दाबून अंगठा ओढायचास. मी रमाची सुई घेतली. एका भोकात घातली. केशरी रंगाची बारीक गुठळी बाहेर आली. दुसऱ्या भोकातून तशीच. सगळ्या भोकांतून तशीच. सगळी भोकं मोकळी करून मासा पुन्हा पेल्यात सोडला, आणि बघता बघता पाणी काळसर झालं. त्यातून असा काही वास सुटला की पलीकडे उषाबाईंनी खिडकी लावून घेतल्याचा आवाज मी ऐकला.

वास नासका नव्हता. तो बाहेरच आला नव्हता. इतकी वर्षं आपण मरळीपुढे एक कुंकू लावलेली, तोंड शिवलेली पुडी फिरवत होतो आणि ती मरळ सुवासिनीला द्यावा तसा मान देऊन बाजूला होत होती. तू म्हणशील, पंडित, तूही शेजारी उभा राहून मंत्र म्हणत होतास. म्हणत होतो. मंत्राने भोकं बुजत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी भोकरदनची बस धरली. तुझी जुनी काठी माझ्याकडे राहिली होती, ती, तंगूसाची दोरी आणि भोकं मोकळी करून नवी गोळी भरलेला मासा घेतला आणि जुईवर गेलो. एकटा. फेकायला मला कधी नीट जमलं नाही. पहिल्यांदा बाभळीला लावला, दुसऱ्यांदा स्वतःच्या धोतराला. मग एकदाचा तो शेवाळाच्या कडेला पडला. मी दोरी हळूहळू ओढत होतो आणि पाण्याखालून कोणीतरी हात धरून खेचावा तशी काठी वाकली. मरळ लागली, बद्रीनाथ. चांगली हातभर. काठावर आणली तेव्हा ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे, आणि पुढे काय करायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. उपरण्यात धरून तिच्या ओठातला गळ काढला. तिला पाण्यात सोडली. ती क्षणभर तिथेच थांबली आणि मग गेली. मी उठून उभा राहिलो आणि मागे वळलो, सांगायला. हे जगात दोनच माणसांना सांगण्यासारखं होतं. एक राहिली नव्हती, आणि दुसऱ्याशी मी बोलत नव्हतो.

तेव्हापासून मला हे माहीत आहे. दसऱ्यापासून. तुला कळवलं नाही. दिवाळीत कळवलं नाही, संस्थेचे लोक तुझ्या डब्याची टिंगल करतात असं काकासाहेबांनी सांगितलं तेव्हाही नाही. रविवारची बातमी कळल्यावर तर मी ते चित्र मनात रंगवून पाहिलं: हैदराबादचे व्यापारी खुर्च्या टाकून बसले आहेत, नवे कोरे मासे ओळीने मांडलेत आणि तू मोठ्या भक्तिभावाने तेलात कालवलेलं कुंकू घेऊन अंगठा पुढे करतो आहेस. फार समाधान झालं. भांडणात असं समाधान फुकट मिळत नाही, त्याला वर्षानुवर्षं मैत्री करावी लागते.

आता तो दिवस. रमाला जाऊन आठवडाही झाला नव्हता. तू आलास. ओटीवर सतरंजीवर बसलास, पाणी प्यालास आणि काही बोलला नाहीस. मला ते बरं वाटलं. येणारा प्रत्येक जण काहीतरी बोलत होता: पुण्यवान होती, सुटली, देवाच्या मनात होतं ते झालं. तू गप्प होतास, आणि मी मनाशी म्हटलं, हा एक जण बराबर वागला. भांडण मी तिथेच, मनातल्या मनात, मिटवून टाकलं होतं. तुला ते कळायला मार्ग नव्हता. मग तू उठलास. चप्पल घालता घालता म्हणालास, “पंडित, त्या काढ्याची बाटली कुठं ठिवली? हैदराबादवाला इचारून राह्यला.”

मी सांगितलं, परसात. तू मधल्या खोलीतून परसात गेलास, शोधलंस, मिळाली नाही, पुन्हा मधल्या खोलीतून परत आलास, आणि येतो म्हणून गेलास. ज्या खोलीतून तू दोनदा गेलास तिथे कोपऱ्यात तिचा दिवा जळत होता. तू त्याला वळसा घालून गेलास, खाली पडलेली वस्तू ओलांडू नये म्हणून घालतात तसा.

दुर्गाबाई मागाहून येऊन तुझी वकिली करून गेल्या. म्हणाल्या की त्यांना काय बोलावं सुचत न्हाई भावजी, मंग जे तोंडात येतं ते बोलत्यात; घरी येऊन जेवले न्हाईत. मी ते अनुमान उलटसुलट तपासून पाहिलं. खरं असू शकेल. जो माणूस घाबरला की कामाचं बोलतो, त्याला मी चौथीपासून ओळखतो. तुझे वडील गेले तेव्हा तू मला गणिताचा पेपर कधी आहे ते विचारलं होतंस. पण तेव्हा आपण पोरं होतो. आणि रमाने तुला मुलासारखं जेवायला वाढलं रे. तिच्यासाठी एक वाक्य तुझ्याकडे नसावं, आणि सुकटीच्या काढ्यासाठी असावं, हे मला पचत नाही. आजही पचलेलं नाही. हे पत्र वाचून मी निवळलो असं कोणाला सांगू नकोस.

बाटली तातेरावाबरोबर पाठवली आहे. ती घट्ट बंद आहे, जीपमध्ये उघडू नका. सोबत बिस्किटांच्या डब्यात गाळाच्या तयार गोळ्या आहेत, रविवारला पुरून उरतील. पूजा करायचीच असेल तर खोक्याची कर, काठीची कर, व्यापाऱ्यांची कर. माशाच्या अंगाला अंगठा लावू नकोस, आणि आधी लावलेला असेल तर प्रत्येक भोक सुईने मोकळं कर. काढा कसा करायचा, काय किती घालायचं, किती आटवायचं, ते सगळं पाठच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, दुर्गाबाईंनाही करता येईल असं. झालं. तुझं माझ्याकडे जे काही काम होतं ते सगळं या पत्राबरोबर बांधून दिलं, आणि हे पत्र मी त्यासाठीच लिहिलं. आता तुला माझ्याकडून काही नको आहे. रविवारी मरळ लागली तर मला काकासाहेबांकडून कळेल, ती बातमी घेऊन येऊ नकोस. आभार मानायला येऊ नकोस, कधी मानले नाहीस, जमणार नाही. पण त्यानंतर एखाद्या दिवशी, हातात काही नसताना, काही विचारायचं नसताना, तू मस्तगडला माझ्या दारात उभा राहतोस का, एवढं मला बघायचं आहे. आलास तर मधल्या खोलीत चल. तिच्याबद्दल काहीतरी बोल. वेडंवाकडं बोललास तरी चालेल, मी दुरुस्त करणार नाही. आणि नाहीच आलास, तर मरळ लागो न लागो, वडीगोद्रीला राहा नाहीतर पुण्याला जा, मला दोन्ही सारखंच.

रविवारपर्यंत तुझाच, पुढचं तू ठरव,
मुकुंद